पॉटी घेण्याआधी बाळाचे पाय मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा सव्वादोन वर्षांचा. घर इंदूरच्या सुदामानगरात, सासू-सासऱ्यांसोबत. खाली देशी संडास, वरच्या मजल्यावर कमोड. कमोडवर ठेवायची रिंग आणली आहे, पण तिच्यावर बसवलं की तो अंग ताठ करतो आणि रडतो. डायपर घातला की मात्र पडद्यामागे जाऊन उभ्याउभ्या शी करतो. सासूबाई म्हणतात, पायांवर बसवा, आमची सगळी मुलं तशीच शिकली. नवरा म्हणतो, गाणी वाजणारी खुर्ची मागवू. जूनमध्ये प्ले स्कूल सुरू होईल आणि तिथे डायपर चालत नाही. मग नेमकं काय घ्यावं?

बालरोगतज्ज्ञ म्हणून मी इंदुरात बरीच वर्षं हेच प्रश्न ऐकते आहे, तेव्हा आधी सरळ उत्तर देते. जमिनीवर ठेवायची एक साधी बुटकी पॉटी घ्या, कमोडपाशी ठेवायला न डगमगणारं एक रुंद स्टूल घ्या आणि सुती चड्ड्या भरपूर घ्या. गाण्यांची खुर्ची नको. रिंग जपून ठेवा, ती काही महिन्यांनी लागेल. पण या सगळ्याच्या आधी त्याची शी घट्ट होते का ते बघा. घट्ट होत असेल तर कुठलीही पॉटी आणली तरी तो तिच्यावर बसणार नाही.

आता मुलगा रिंगवर का रडतो, ते बघू. घरातला कमोड जमिनीपासून साधारण 40 सेंटिमीटर उंच असतो. सव्वादोन वर्षांच्या मुलाचे पाय त्यावरून हवेत लोंबकळतात. खाली भोक, पायाखाली काही नाही, हाताने धरायला काही नाही. अशा वेळी तो पडू नये म्हणून मांड्या आणि कंबर आवळून धरतो, आणि नेमके तेच स्नायू शी होण्यासाठी सैल सुटायला हवे असतात. त्याला तुम्ही हट्टी समजू नका. त्याचं शरीर तोल सांभाळण्यात गुंतलेलं असतं.

शरीराची रचनाही इथे समजून घ्यायला हवी. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला एक स्नायूचा पट्टा मागून वेढा घालून पुढे ओढून धरतो. त्यामुळे तिथे एक वळण पडतं आणि आपण चालत-फिरत असताना शी आत थांबते. उकिडवं बसलं, गुडघे कमरेच्या वर आले, की हा पट्टा सैल होतो, वळण कमी होतं आणि फार जोर न लावता शी बाहेर पडते. पाय टेकलेले असले की टाचांवर भार देऊन पोटाचा दाबही नीट लावता येतो. म्हणून पॉटी असो, रिंग असो वा देशी संडास, माझी कसोटी एकच: मुलाचे दोन्ही तळवे पूर्ण टेकतात का, आणि गुडघे कमरेच्या थोडे वर येतात का?

तुमच्या सासूबाईंची पद्धत या कसोटीला पुरेपूर उतरते, हे त्यांना आवर्जून सांगा. पाटावर बसून, पाय पुढे पसरून, बाळाला आपल्या दोन पावलांवर बसवायचं. गुडघे पोटाशी, पाठीला आजीच्या पायांचा आधार, आणि तोंडाने हळूच ‘सीऽऽ’. सात-आठ महिन्यांच्या बाळासाठी याहून चांगलं आसन कुठल्या कंपनीने बनवलेलं मी पाहिलेलं नाही. अडचण इतकीच की तुमचा मुलगा आता अकरा-बारा किलोंचा असेल, आजींच्या पायांना तो भार झेपणार नाही, आणि या वयाच्या मुलाला स्वतः जाऊन बसायचं असतं. बुटकी पॉटी आजींच्या पावलांचंच काम करते. ती आजींच्याच हाती सोपवा. रोज सकाळी त्याच्या समोर पाटावर आजी बसल्या तर निम्मं काम झालंच.

पॉटी कशी निवडायची? घरून निघताना मुलाला एखाद्या पायरीवर बसवा आणि गुडघ्याच्या मागच्या खोबणीपासून टाचेपर्यंत सुतळीने माप घ्या. या वयात ते साधारण 20 सेंटिमीटरच्या आसपास येतं, पण मूल उंच की ठेंगणं यावर ते बदलतं, म्हणून तुमच्या मुलाचंच माप हवं. पॉटीची बैठक या मापाएवढी किंवा दोन-चार सेंटिमीटर कमी उंचीची असावी, जास्त नको. ऑनलाइन मागवायची असेल तर पूर्ण वस्तूची उंची पाहू नका, बैठकीची पाहा. पाठ टेकायचा भाग धरून दिलेली उंची फसवते. इंदूरच्या बर्तन बाजारात किंवा सियागंजात प्रत्यक्ष जाऊन घेणं मला जास्त पसंत आहे, कारण तिथे ती हलवून, दाबून बघता येते. मुलाला सोबत न्या आणि रंग त्याला निवडू द्या. आपण निवडलेल्या पॉटीवर बसायला मुलं लवकर तयार होतात.

दुकानात तिच्या कडेवर हाताने जोर द्या. कलंडली तर परत ठेवा. बूड वरच्या भागापेक्षा रुंद हवं आणि खाली रबर हवं. आतलं भांडं वरून सरळ उचलून निघावं. मागून खेचून काढायच्या भांड्यात शू सांडते. भांडं एकसंध, गुळगुळीत असावं, कारण खाचाखोचा असल्या की त्यात घाण अडकते आणि वास जात नाही. मुलग्यांच्या पॉटीला पुढे एक उंच उंचवटा असतो, शू बाहेर उडू नये म्हणून. तो फार उंच आणि कडक असला तर बसता-उठताना नाजूक जागी लागतो, आणि एकदा लागलं की मूल कित्येक दिवस जवळ फिरकत नाही. बुटका, गोल कडेचा उंचवटा चालेल किंवा काढता येणारा घ्या. शू खाली जावी म्हणून त्याला थोडं पुढे वाकून बसायला शिकवता येतं. आणि हो, मुलग्यालाही सुरुवातीला बसूनच शू करायला शिकवा. बसल्यावर बऱ्याचदा शीही होते. उभं राहून करणं तो पुढे बाबांना पाहून सहज शिकेल.

मोटार, घोडा, बदक अशा आकाराच्या पॉट्या बाजारात खूप दिसतात. त्यांत एक मोठी खोट आहे: बसायला पाय पलीकडे टाकावा लागतो. चड्डी घोट्यांपर्यंत उतरवलेल्या मुलाला ते जमत नाही, तो अडखळतो, आणि घाईच्या वेळी शू तिथेच होते. समोरून येऊन वळून बसता येईल अशी साधी पॉटीच बरी.

गाणी वाजणाऱ्या खुर्चीला माझा विरोध दोन कारणांनी आहे. मुलाने या वेळी पोटात काय होतंय तिकडे लक्ष द्यायला हवं. दिवे लागले, गाणं सुरू झालं की लक्ष तिकडे जातं. काही मुलं गाण्यासाठी अर्धा-अर्धा तास बसून राहतात आणि उठल्यावर चड्डीत करतात. दुसरं कारण बॅटरीचं. अशा खेळण्यांत पुष्कळदा चपट्या गोल बॅटऱ्या असतात. अशी बॅटरी मुलाने गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतच आत जखम व्हायला लागते. कुणी भेट म्हणून दिलीच, तर बॅटरीचं झाकण स्क्रूने घट्ट बंद होतं का ते बघा, नाहीतर बॅटरी काढूनच टाका. लक्ष दुसरीकडे जातं, म्हणून पॉटीवर मोबाइलही नको. आजींनी गोष्ट सांगावी, बोटांवर आकडे मोजावेत, तेवढं पुरे.

रिंग आणि स्टूल यांची जोडी लागते. एकटी रिंग घेणं व्यर्थ. मूल महिना-दोन महिने पॉटीवर रुळलं की वरच्या कमोडवर रिंग ठेवा आणि पायाखाली स्टूल. तुमची रिंग कमोडच्या बैठकीवर घट्ट बसते का ते आत्ताच तपासा: खालच्या बाजूला रबरी पकड हवी, आणि हाताने ढकलल्यावर ती जराही सरकता कामा नये. काही कमोड लांबट असतात, काही गोल. एकावर बसणारी रिंग दुसऱ्यावर हलते. स्टूल कमोडच्या निम्म्या उंचीचं, रुंद, चारही पायांना रबर असलेलं. न्हाणीघरात वापरायचं जाड प्लास्टिकचं स्टूल उत्तम. नंतर तेच बेसिनपाशी हात धुवायलाही लागतं. रिंगला जोडलेली घडीची शिडी मिळते, ती मी सहसा सुचवत नाही. तिच्या पायऱ्या अरुंद असतात, वर चढल्यावर मुलाला उभ्याउभ्या वळून बसावं लागतं आणि जोडलेले सांधे काही महिन्यांत सैल होतात. घ्यायचीच असेल तर स्वतः तिच्यावर हाताचा पूर्ण भार देऊन बघा.

खालच्या देशी संडासाबद्दल पालक फार कमी विचारतात. बैठक म्हणून तो सर्वांत चांगला, पण मोठ्यांच्या मापाचा. दोन पावलांच्या जागा इतक्या लांब असतात की लहान मुलाला पाय फाकवून उभं राहावं लागतं, आणि मधल्या खड्ड्याची भीती वाटते ती वेगळीच. तीन वर्षांपर्यंत त्याला तिथे एकट्याला बसवू नका. पॉटी त्याच संडासाच्या दारापाशी कोरड्या, सपाट जागी ठेवा आणि झाल्यावर भांडं त्याच्यासमोर संडासात रिकामं करा, म्हणजे शी कुठे जाते ते त्याला कळतं. पुढे तुम्ही मागून काखेत धरून त्याला उकिडवं बसवू शकता. देशी संडासासारखी, दोन बाजूंना पावलं ठेवायची प्लास्टिकची छोटी पॉटीही मिळते. प्ले स्कूलमध्ये देशी संडास असेल तर तीच घ्यावी असं मी म्हणेन. म्हणून आधी शाळेत जाऊन तिथला संडास डोळ्यांनी बघा. मावशींनाही भेटा. घरी तुम्ही शू-शी म्हणता, तिथे सुसु-पॉटी म्हणत असतील. मुलाला दोन्ही ऐकून माहीत हवं, नाहीतर तो सांगतोय ते कुणाला कळणारच नाही.

एका गोष्टीवर मला थांबायचंच आहे. आपल्याकडे अनेक वस्त्यांत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे न्हाणीघरात भरलेल्या बादल्या, टब, ड्रम असतातच. आजवर मूल तुमच्या कडेवरून तिथे जात होतं. आता तुम्ही त्याला स्वतः जायला शिकवणार आहात. या वयाच्या मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं. बादलीत वाकून पाहताना तोल गेला तर त्याला स्वतःला वर काढता येत नाही, आणि बुडायला वीतभर पाणीही पुरतं. आवाजही होत नाही. म्हणून पॉटीच्या आधी बादल्यांना, ड्रमला घट्ट झाकणं आणा आणि न्हाणीघराच्या दाराला बाहेरून उंचावर कडी लावा. पॉटी सुरुवातीला न्हाणीघराच्या बाहेरच ठेवली तरी काही बिघडत नाही. संडास धुवायचं ॲसिड उंच कपाटात, आणि ते पॉटीचं भांडं धुवायला कधीच वापरू नका. साबण, पाणी आणि ऊन एवढं पुरतं.

जेट स्प्रेचं पाणी थंड आणि जोरात येतं. त्याला घाबरून शी रोखून धरणारी मुलं मी पाहिली आहेत. तांब्याने कोमट पाणी घाला. मुलगी असेल तर पुढून मागे धुवायचं, म्हणजे शीमधले जंतू लघवीच्या जागी जात नाहीत.

कपड्यांकडे पालकांचं लक्ष सर्वांत कमी जातं, खरं तर मदत सर्वांत जास्त त्यांचीच होते. इलॅस्टिकची सैल सुती चड्डी, जी तो स्वतः खाली ओढू शकेल. नाडी, बटणं, खांद्यावरून येणारे पट्टे या दिवसांत नकोत. आठ-दहा चड्ड्या असल्या की ओलं झाल्याची चिडचिड होत नाही. जाड अस्तराच्या ट्रेनिंग पँट मिळतात. त्या थोडी गळती शोषून घेतात, पण दोन वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण शंभर मिलिलिटर लघवी मावते, ती पूर्ण झाली तर त्याही वाहतातच. बाहेर जाताना दोन-तीन जवळ असाव्यात, घरी साधी चड्डी चांगली, कारण ओलं झालेलं त्याला लगेच कळतं. डायपरसारख्या ओढून घालायच्या पँटमध्ये मात्र ओलेपणा जाणवतच नाही, त्यांना मी शिकवण्याचं साधन मानत नाही. रात्री डायपर खुशाल चालू ठेवा. रात्री कोरडं राहणं हे शरीराच्या वाढीवर अवलंबून असतं, शिकवून येत नाही. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं होणं आजार धरत नाहीत. गादीवर मेणकापड आणि वर सुती चादर, बस. वापरलेल्या डायपरमधली शी संडासात टाकून, तो कागदात गुंडाळून कचरागाडीच्या वेगळ्या कप्प्यात द्या. स्वच्छतेत इंदूरने कमावलेल्या नावाला आपणही जागायला हवं.

आता पडद्यामागच्या शीविषयी. ही चांगली खूण आहे. शी येतेय हे त्याला आधी कळतं, आणि त्यासाठी आडोसा हवा हेही कळतं. सोबत तो दीड-दोन तास कोरडा राहत असेल, साध्या सूचना पाळत असेल, तर शिकायला तयार आहे. घाबरू नका, उशीर झालेला नाही. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझेल्टन यांनी 1962 साली 1,170 मुलांचा अनुभव मांडला होता. मुलाच्या कलाने शिकवलेली ही मुलं दिवसा कोरडी राहायला सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांची झाली होती. तुमचा मुलगा सत्तावीस महिन्यांचा आहे, आणि सरासरी म्हणजे पुष्कळ मुलं त्यानंतरची.

पण उभ्याउभ्या शी करणारं मूल कधीकधी शी रोखूनही धरत असतं. दोन-तीन दिवसांआड होते का? खड्यासारखी किंवा खूप जाड होते का? करताना तो टाचा उंचावतो, पाय आवळतो, चेहरा लाल होतो का? तसं असेल तर आधी दूध मोजा. या वयाला दिवसाला अर्धा लिटर दूध भरपूर झालं. दुधानेच पोट भरलेलं मूल भाजी-भाकरी खात नाही आणि शी घट्ट होते. पपई, पेरू, दलिया, पालेभाजी घातलेलं वरण, साल न काढलेली मुगाची डाळ आणि पाणी. नाश्त्याला पोहे देत असाल तर त्यात मटार, गाजर घाला आणि सोबत फळ द्या. नुसत्या पोह्यांत चोथा फारसा नसतो. साबणाची कांडी किंवा विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून लावायची जुनी रीत कृपा करून करू नका. त्याने दुखतं, आणि दुखलं की मूल आणखी रोखतं. एरंडेलही नको. आहाराने आठवड्याभरात फरक पडला नाही तर शी मऊ करणारं औषध तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. ते काही आठवडे, कधी काही महिने द्यावं लागतं, आणि दोन दिवसांत शी मोकळी झाली म्हणून स्वतःहून बंद करायचं नसतं.

शी मऊ व्हायला लागली की पॉटी आणा. रंगपंचमीच्या गडबडीत, पाहुण्यांत, प्रवासात सुरुवात नको. गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक पार पडली, घर शांत झालं, की चैत्राचे दिवस याला फार चांगले: अंगावर कपडे कमी, फरशी गार लागत नाही, चड्ड्या तासाभरात वाळतात. पहिले काही दिवस कपड्यांसकट नुसतं बसू द्या. मग जेवणानंतर वीस-तीस मिनिटांनी बसवा, कारण पोटात अन्न गेलं की आतडं आपोआप हलायला लागतं. पाच मिनिटं बसला की पुरे, नाही झाली तर उठवा, बोलू नका. त्याला डायपरमध्येच शी हवी असेल तर डायपर द्या, पण पडद्याऐवजी पॉटीच्या जवळ जाऊन कर म्हणा, काही दिवसांनी डायपर घालून पॉटीवर बस म्हणा, मग डायपर सैल करा, मग काढा. प्रत्येक पायरीला आठवडा लागला तरी लागू द्या. पॉटीसाठी हवा असलेला आडोसाही त्याला द्या, तोच पडदा तिच्या पुढे लावलात तरी चालेल. झाली की लगेच, मनापासून ‘वा!’ म्हणा. चड्डीत झाली तर ‘ओलं झालं, बदलू या’ एवढंच. पाहुण्यांसमोर लाजवणं, ‘अजून बाळच आहेस’ म्हणणं घरात कुणाकडूनही होता कामा नये. सासऱ्यांपासून कामवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांना हे आधीच सांगा.

जूनपर्यंत पूर्ण जमलं नाही तर शाळेशी बोला, दोन जास्तीच्या चड्ड्या दप्तरात द्या, आणि शाळा अडून बसली तर प्रवेश दोन महिने पुढे ढकला. तारीख गाठायला जबरदस्ती केली की मुलं शी धरून ठेवायला लागतात आणि मग खरंच वर्ष जातं.

शी करताना रक्त दिसलं, लघवीला रडला, ताप आला, धार बारीक किंवा सतत थेंब थेंब होत असेल, जन्मापासूनच शी घट्ट असेल, कमरेच्या खाली मणक्यावर खड्डा किंवा केसांचा पुंजका असेल, किंवा नीट शिकलेलं मूल अचानक पुन्हा चड्डीत करायला लागलं आणि घरात नवं बाळ, घरबदल असं काही कारण दिसत नसेल, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. चार वर्षं उलटूनही दिवसा जमत नसेल तरीही दाखवा. येताना गेल्या आठवड्यात शी कधी झाली, कशी झाली आणि दूध किती प्यायला ते कागदावर लिहून आणा. आम्हाला तपासण्यांआधी तीच नोंद उपयोगी पडते.